खुर्च्या राखणारा हेमराजभाऊ

हेमराजभाऊला माझ्या दुकानात कुणी "काय करता आपण?" असं विचारलं की मीच घाईघाईने मध्ये तोंड घालायचो. "इंजिनियर आहेत, पुण्याच्या कंपनीत," एवढं सांगून त्या माणसाला त्याच्या झेरॉक्सकडे वळवायचो. कारण हेमराजभाऊला उत्तर देऊ दिलं तर तो खरं सांगायचा. "खुर्च्या राखतो," म्हणायचा. मग तो माणूस माझ्याकडे बघायचा आणि मी पंख्याकडे बघायचो.

खोटं नव्हतं ते. त्याच्या कंपनीकडे परदेशातल्या एका मोठ्या ऑफिसचं काम होतं. त्या ऑफिसात कोण कुठे बसणार हे आदल्या दिवशी मोबाईलवर ठरवायचं. खुर्चीवर बोट ठेवलं की ती त्या माणसाच्या नावाने लाल होणार. ही खुर्ची लाल करणारं सॉफ्टवेअर हेमराजभाऊच्या टीमचं. आणि गंमत बघा, हे काम जोरात होतं तेव्हा लॉकडाऊन होता. जगातली ऑफिसं बंद. खुर्च्या तिकडे, माणसं आपापल्या घरात, आणि हेमराजभाऊ इकडे कोंढा या आमच्या बाजाराच्या गावी, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून त्या खुर्च्यांना रंग देत होता.

माझं दुकान बसथांब्यासमोर आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, दाखले, ऑनलाइन फॉर्म. आम्ही दोघं कोंढ्याला लागून असलेल्या एकाच गावचे. शाळेत तो माझ्या पुढच्या वर्गात. गावातला पहिला इंजिनियर, त्यामुळे आमच्या पिढीने त्याच्या नावाने भरपूर मार खाल्ला आहे. "हेमराज पाह्य, अन् तू पाह्य," हे वाक्य माझ्या बापाने इतक्या वेळा म्हटलं की हेमराजचं तोंड बघू नये असं वाटायचं. तो लॉकडाऊनमध्ये पुण्याहून परत आला, घरी रेंज मिळेना, आणि माझ्याकडे वायरचं इंटरनेट आहे हे कळल्यावर एक दिवस लॅपटॉपची बॅग घेऊन दारात उभा राहिला. "गजू, एक टेबल भेटन का?" म्हणाला. ज्याच्यापायी मार खाल्ला तोच टेबल मागायला आला होता. दिलं मी. नाही कसं म्हणणार?

अंगाने तो काडी होता. कमरेच्या वर इस्त्रीचा शर्ट, कमरेखाली जुनी चौकड्याची लुंगी, कारण मीटिंगमध्ये माणूस अर्धाच दिसतो. चहा बशीत ओतून प्यायचा, पण मीटिंग चालू असली की तोच चहा कपाने प्यायचा. आणि कुठलंही बटन तो दोनदा दाबायचा. पंख्याचं, झेरॉक्स मशीनचं, मोटरपंपाचं. एकदा दाबून चालू झालं तरी बंद करून पुन्हा दाबायचा. मी चिडायचो. "अगा, झाला ना चालू!" तर म्हणायचा, "एक खेप त कोनतंबी चालते गजू. दुसऱ्या खेपेले चाललं पाह्यजे."

पण त्याची खरी खोड वेगळी होती. मीटिंग संपली की तो बाहेर यायचा आणि माझ्या गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहून ते मोबाईलवर काय दाबतात ते बघत बसायचा. मला धंद्याची काळजी. बायामाणसं बिचकायची. एकदा एक म्हातारी योजनेचं काहीतरी भरायला आली होती, आणि सगळं भरून झाल्यावर तिने असं काही दाबलं की पूर्ण फॉर्म पुसला गेला. मी कपाळावर हात मारला. हेमराजभाऊ मात्र तिच्याजवळ उकिडवा बसला.

"माय, तुमी हे काहून दाबल्या?"

"लाल होता म्हनून दाबली बापू. वाटलं, महत्त्वाचं असंन."

"बरोबर हाय," हेमराजभाऊ म्हणाला. मग माझ्याकडे वळून, जणू तो फॉर्म मीच बनवला होता अशा रागाने, "बरोबर हाय तिचं! पुसाच्या बटनाले लाल काहून केला त्यानं?"

"त्यानं म्हंजे कोनं?"

"असंन कोनी हेमराज. बसला असंन कुठंतरी. त्यानं या मायले कधी पाह्यलंच नाई, त काय करन तो बी?"

ही त्याची एकूण मांडणी होती. जगातलं प्रत्येक वाईट सॉफ्टवेअर कुठल्यातरी दुसऱ्या हेमराजने लिहिलेलं आहे, जो हुशार आहे, थकलेला आहे, आणि ज्याने ते वापरणारा माणूस जन्मात बघितलेला नाही. शिव्या तो त्या हेमराजला द्यायचा आणि मग त्याचीच बाजू घ्यायचा. त्याचं स्वतःचं दुखणंही तेच होतं. इतकी वर्षं नोकरी झाली, कंपन्या बदलल्या, कितीतरी कामं केली, पण त्याने लिहिलेलं काही हातात धरून वापरणारा एकसुद्धा माणूस त्याने डोळ्यांनी पाहिला नव्हता. "एक तरी माणूस पाहाचा हाय मले," म्हणायचा. "त्यानं वापरलं, त्याचं काम झालं, अन् तो घरी गेला. बस. मंग म्हनन का आपून बी काई केलं." इतकी साधी हाव होती माणसाची. लोकांना बंगला पाहिजे असतो, गाडी पाहिजे असते.

मी म्हणायचो, "भाऊ, तुमाले पगार चांगला हाय, ऊन लागत नाई, आनखी काय पाह्यजे?" त्यावर तो भांडायचा नाही. मान हलवायचा. "बराबर हाय तुहं," म्हणायचा, आणि अशा सुरात म्हणायचा की त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या घरी एक पद्धत होती. आमच्याकडे बऱ्याच घरांत आहे, पण काकू, म्हणजे त्याची आई, ती फार कडकपणे पाळायची. सांजच्याला सगळे जेवायला बसले की ती वाढता वाढता प्रत्येकाला विचारायची, "आज काय केलास?" चौकशी नव्हती ती, नुसतं बोलणं. त्याचे वडील, काकाजी, सांगायचे, तळ्याखालच्या बांधीत धानाच्या लावणीचा रोवणा आटपला. गडी सांगायचा, शेताच्या कडेचा धुरा फुटला होता, बांधला. मी कधी तिथे जेवायला असलो तर मीही सांगायचो, इतक्या पोरांचे फॉर्म भरले. मग काकू हेमराजभाऊच्या ताटात भात वाढत विचारायची, "अन् तू काय केलास बापू?"

"मीटिंग झाली."

"मंग काम कवा केलास?"

काकाजी हसायचे, गडी हसायचा, मीही हसायचो. हेमराजभाऊही हसायचा. पण एकदा त्याने तिला खरंच समजावून सांगायचा प्रयत्न केला. हात पुसून लॅपटॉप उघडला, त्या ऑफिसचा नकाशा दाखवला, खुर्चीवर बोट ठेवून ती लाल करून दाखवली. काकूने चष्मा लावून नीट पाहिलं. चांगलं झालं म्हणाली. मग तिने विचारलं, "अन् हे लोक बसून रायले का तठी?"

"नाई. ऑफिस बंद हाय सद्या."

"मंग खुर्च्या कोनासाठी धरून रायले?"

त्याने लॅपटॉप मिटला आणि उरलेला भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुकानात मला म्हणाला, "मायनं जे इचारलं ना, ते आमच्या कंपनीत आजवर कोनीच नाई इचारलं."

त्याची कंपनीही अजब होती. दर काही महिन्यांनी सगळ्यांच्या मोबाईलवर पाच तोंडं यायची. एक खदखदून हसणारं, एक हसणारं, एक गप्प, एक उदास, एक रडणारं. तुम्ही तुमच्या कामावर किती समाधानी आहात, त्या तोंडावर बोट ठेवा. हेमराजभाऊ वर्षानुवर्षं गप्प तोंडावर बोट ठेवत आला होता. एके दिवशी, मला वाटतं खुर्च्यांचं काम गुंडाळल्याचं कळलं त्याच आठवड्यात, त्याने रडणारं तोंड दाबलं.

ते गुंडाळणंही सांगण्यासारखं आहे. त्या परदेशी ऑफिसने इमारतच सोडून दिली. खुर्च्या गेल्या, मग खुर्च्यांचं सॉफ्टवेअर कशाला? एका सकाळी मीटिंग झाली, साहेबाने सगळ्यांचं अभिनंदन केलं, पुण्यात म्हणे केक कापला आणि मोबाईलवर त्याचा फोटो आला. हेमराजभाऊने तो फोटो मला दाखवला. "तेरवीचा केक हाय," म्हणाला. मग मोबाईल टेबलावर उपडा ठेवला. "शेतात चुकलं त धान पडते, मानसाले दिसते तरी. आमचं सगळं बराबर झालं गजू. काईच नाई चुकलं. अन् तरी बी काईच नाई राह्यलं."

तर रडणारं तोंड. दाबल्यावर दुपारीच फोन आला. कंपनीत माणसांचं बघणारी कुणी मुलगी, गोड आवाजाची. मी गठ्ठे काढायला मागे गेलो होतो आणि फोन स्पीकरवर होता, म्हणून ऐकलं. ती विचारत होती, सर, घरी सगळं ठीक आहे ना, तब्येत ठीक आहे ना. हा सांगत होता, सगळं ठीक आहे, फक्त मी जे बनवतो ते कुणी वापरत नाही. ती म्हणाली, सर, आपल्याकडे ध्यानाचा एक ऑनलाइन वर्ग असतो, तुमचं नाव टाकू का? हेमराजभाऊ म्हणाला, टाका. वर्गाच्या दिवशी तो लुंगी सावरून खुर्चीत बसला, कॅमेरा चालू केला, डोळे मिटले. समोरून बस गेली, तिचा हॉर्न तिकडे पुण्यापर्यंत ऐकू गेला असेल. पुढच्या खेपेपासून त्याने हसणारं तोंड दाबायला सुरुवात केली. "फोन येत नाई मंग," म्हणाला. मला त्या दिवशी त्या पाचही तोंडांचा राग आला होता.

मंडईची गोष्ट यानंतरची.

आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. गुरं राखणारे गोवारी ढाल घेऊन नाचतात, दुकानं लागतात, पाळणे येतात, नाचगाण्याची दंडार होते, नाटक होतं. पण मंडई म्हणजे मुख्यतः पाहुणे. लेकी जावई घेऊन माहेरी येतात, सोयरे येतात, लग्नाच्या पोरापोरींची बघाबघी तिथेच होते. म्हणून प्रत्येक गावाचा दिवस वेगळा पाहिजे. आमच्या गावाचा दिवस भाऊबीज झाली की दुसरा, आजा-पणज्यापासून. बाकी गावांचेही असेच धरलेले. कधी दोन गावांची टक्कर झाली तर दोन्हीकडची जाणती माणसं बाजारात गाठ पडली की हॉटेलात चहा घेत, थोडं भांडत आणि कुणीतरी एकजण आपला दिवस सरकवी.

हेमराजभाऊच्या डोक्यात आलं की हे मोबाईलवर सहज होईल. एक कॅलेंडर. गावाने आपला दिवस टाकायचा, तो दिवस लाल होणार, उरलेले पांढरे. कुणाची टक्कर नाही, आणि कुठे कधी मंडई आहे हे लेकीबाळींना घरबसल्या कळेल. मला सांगताना त्याचे हात हलत होते. इतक्या वर्षांत मी त्याला असा पहिल्यांदाच पाहिला. कंपनीचं काम आटोपून तो त्याच्यावर बसायचा, माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल देऊन "दाबा बरं" म्हणायचा, ते चुकीचं दाबायचे तिथे बदलायचा. पुसायचं बटन त्याने लाल नाही ठेवलं. अक्षरं मोठी केली. मी गावागावातल्या मंडळांच्या पोरांना फोन लावले.

आणि चाललं की बाप्पा! पहिल्या दिवाळीला आजूबाजूच्या गावांनी आपले दिवस टाकले. बसथांब्यावर दोन बाया एका मोबाईलवर डोकी लावून "आपल्या मामाच्या गावची परवा हाय वो" असं बोलताना त्याने दुकानातून पाहिल्या. मला कोपराने ढोसलं. बायांची बस येऊन जाईपर्यंत तो तसाच उभा होता. सांजच्याला मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. काकूने नेहमीसारखं विचारलं, "अन् तू काय केलास?" तर तो म्हणाला, "दोन बायायले त्यायच्या मामाच्या गावची मंडई सांगितली." काकू म्हणाली, "हे बेस केलास." त्या दिवशी भात त्याने दुसऱ्यांदा मागून घेतला.

दुसऱ्या वर्षी सगळं बोंबललं.

बसमध्ये आपण काय करतो? बस थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकतो, नाहीतर खांद्यावरचा दुपट्टा टाकतो. जागा आपली. आणि एकटा माणूस दोन जागा धरतो, न जाणो कुणी आलं तर. मंडळांच्या पोरांनी दुसऱ्या वर्षी कॅलेंडरवर तेच केलं. दसरा झाला नाही तोच एकेका गावाने तीन तीन, चार चार दिवस आपल्या नावावर टाकून ठेवले. नाटकवाले कधी मिळतात ठाऊक नाही, मग असू द्या धरलेले. बघता बघता सारं कॅलेंडर लाल झालं. त्यातले निम्मे दिवस खोटे. कुठेच मंडई नाही, नुसते रुमाल.

आणि एक दिवस पांढरा राहिला होता. आमचा.

आमच्या गावाने आपला दिवस टाकलाच नव्हता. पहिल्या वर्षीही नाही, दुसऱ्याही नाही. कुणाला वाटलंच नाही की तो टाकायचा असतो. भाऊबीजेचा दुसरा दिवस आमचा, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, ते काय लिहायचं? मंडळाला वाटलं नाही, मला वाटलं नाही, आणि ज्याने ते बनवलं त्या हेमराजभाऊलाही वाटलं नाही. तो लहानपणापासून त्या दिवशी नवे कपडे घालत आला होता. पहिल्या वर्षी निभावलं, कारण प्रत्येकाने आपापला जुनाच दिवस टाकला. दुसऱ्या वर्षी नवी पोरं, कुणाला विचारायची सवय गेलेली, कॅलेंडर उघडलं तर सगळं लाल आणि एकच पांढरा. कॅलेंडरात तो दिवस एकाच गावाला मिळणार होता, एकाने घेतला. बाकीच्यांनी तो पांढरा असताना पाहून ठेवला होता, त्यांनी थेट पाळणेवाल्यांना आणि नाटकवाल्यांनाच आगाऊ बोलून टाकलं.

हे आम्हाला कळलं ते सुनीताच्या फोनवरून. सुनीता म्हणजे हेमराजभाऊची एकुलती एक बहीण, नदीपल्याड दिलेली. दरवर्षी भाऊबीजेला ओवाळून घ्यायला हा तिच्याकडे जायचा आणि मंडईला ती माहेरी यायची, असं ठरलेलं. फोनवर ती रडत होती. "दादा, आमची मंडई बी तवाच ठेवली गा यंदा. आमच्याघरी बी पाव्हने येऊन रायले. मी कशी येऊ?"

तिच्या गावचा खरा दिवस दोन दिवसांनंतरचा. तो तिसऱ्याच कुठल्या गावाने रुमाल टाकून अडवला होता.

हेमराजभाऊ मोटारसायकल काढून गावोगाव फिरला. मी मागे बसलो होतो दोन-तीन ठिकाणी. सुनीताच्या गावच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणजे कालचं पोर, मोबाईल पुढे करून म्हणालं, "भाऊ, पांढरा दिसला म्हनून घेतला. तुमीच त बनवला ना हे?" हेमराजभाऊ त्याला म्हणाला, चूक माझी आहे, दिवस सरकवा. नाटकवाला ठरला होता, मांडववाला ठरला होता, पाहुण्यांना फोन गेले होते. कोण सरकवतं? परत येताना नदीच्या पुलावर त्याने गाडी थांबवली. मला वाटलं हवा कमी झाली. तो म्हणाला, "एका ओळीचं काम होतं गजू. एका गावाले एकच दिवस, दुसरा धराले गेलं त पह्यला सुटन. एक ओळ. तिकडं खुर्च्यायच्या कामात बी हेच झालं होतं. मधात थोडे दिवस ऑफिस उघडलं तवा लोक दोन-दोन खुर्च्या धरत अन् येत नसत. मी साहेबाले बोललो होतो. साहेब म्हने, बुकिंग वाढून रायली, चांगलंच हाय. तिकडं दाबनारे मोजतेत, बसनारे कोनी मोजत नाई." मग म्हणाला, "तठी साहेब होता नाई म्हनाले. अठी त मीच होतो."

मी उतरून उगाच चाकाची हवा दाबून पाहिली.

मंडईच्या दिवशी गावात पाळणा आला नाही. जिलेबीचं एक दुकान लागलं, तेही दुपारी उठून पलीकडच्या गावी गेलं. गोवारी नाचले, कारण त्यांना नाचायचंच असतं, पण बघायला आम्हीच. घरोघरी रांधलेलं तसंच. काकूने पातोडीची भाजी केली होती, वडे केले होते, सुनीताच्या पोरांसाठी करंज्या वेगळ्या काढल्या होत्या. तिला सगळं आधीच सांगितलं होतं, तरी तिने केलं. दिवसभर ती ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसली होती. मध्येच उठून डबे झाकायची, पुन्हा बसायची.

सांजच्याला मला जेवायला बोलावलं, अन्न संपवायला कुणीतरी पाहिजे म्हणून. काकाजी, गडी, मी आणि हेमराजभाऊ. काकू वाढत होती. काकाजींना विचारलं, आज काय केलास म्हणून नाही, भाजी कशी झाली म्हणून. गड्याला विचारलं, अजून वडा घेतोस का. मला विचारलं, घरी पोरं कशी आहेत. हेमराजभाऊच्या ताटाशी आली, भात वाढला, आणि पुढे गेली. तो मान वर करून तिच्याकडे बघत राहिला. तो प्रश्न तिने त्याला त्यानंतर कधीच विचारला नाही. रागाने नाही हो, ती माय आहे. लेकराला दुखू नये म्हणून नाही विचारला. पण त्याला तेच लागलं.

ती एक ओळ त्याने लिहिली. दुसऱ्याच दिवशी लिहिली. "आता चालन," म्हणाला, आणि दोनदा तपासलं. पण पुढच्या दिवाळीला एकाही गावाने दिवस टाकला नाही. जाणती माणसं बाजारातल्या हॉटेलात पुन्हा चहा प्यायला बसली. आमची मंडई भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दणक्यात झाली, सुनीता आली, पाळणे आले. हेमराजभाऊ तिच्या पोरांना घेऊन पाळण्यात बसला. मोबाईलवर त्याचं कॅलेंडर अख्खं पांढरं होतं. तो ते मधूनमधून उघडून बघायचा. मी एकदा रागावून म्हटलं, "पुसून टाका ना ते!" तर म्हणाला, "राहू दे. आता त्याच्यात काई चूक नाई."

त्याच हिवाळ्यात, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती तेव्हा, कंपनीचा निरोप आला. घरून काम बंद. सगळ्यांनी पुण्याला हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. राजीनामा देऊन इथे काय करणार होता? काकाजी थकलेले, शेती गड्यावर. मी म्हटलं, माझ्या दुकानात भागीदारी करा. तो हसला. खरंच हसला की पाच तोंडांपैकी एक दाबलं, मला कळलं नाही. जायच्या आदल्या दिवशी त्याने मागच्या खोलीतलं टेबल पुसलं, वायरी गुंडाळून ठेवल्या. मग मला मोबाईलवर काहीतरी दाखवलं. नव्या ऑफिसात सगळ्यांना पुरतील इतक्या खुर्च्या नव्हत्या म्हणे. रोज आदल्या दिवशी खुर्चीवर बोट ठेवायचं होतं. नकाशा आला, त्यात त्याची खुर्ची लाल होती.

"तुमचंच का हे?" मी विचारलं.

"नाई. दुसऱ्या कोन्या हेमराजचं हाय."

मी सोडायला गेलो म्हणजे कुठे, दुकानासमोरच. काकू घरूनच निघाली नाही. बस आली तीच ठासून भरलेली. हेमराजभाऊ बॅग घेऊन कसाबसा चढला. मी खिडकीखिडकीने त्याला शोधत बाहेरून चाललो, तो मधल्या भागात दांडीला धरून उभा दिसला. त्याच्या अगदी समोर एक जागा रिकामी होती. तिच्यावर लाल चौकड्याचा दुपट्टा टाकलेला. भोवती माणसं एकमेकांवर रेललेली, एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी.

"भाऊ, बसा ना! नाईतर त्या बाईले बसू द्या!" मी बाहेरून ओरडलो.

बाईच म्हणाली, "नाई बाप्पा, कोनीतरी धरून ठेवली हाय."

कंडक्टरने घंटी मारली. बस हलली. दुपट्टेवाला आला नव्हता. हेमराजभाऊ वाकला, खिडकीच्या गजांतून माझ्याकडे बघितलं आणि त्या जागेकडे बोट दाखवलं.

"पाह्य गजू," तो म्हणाला, "चालून रायली माही सिस्टीम. एका खेपेले नाई, दर खेपेले."

बस वळणावर गेली तेव्हा तो उभाच होता आणि जागा रिकामीच होती. मी थोडा वेळ थांब्यावर राहिलो, कुणी धावत येऊन "माहा दुपट्टा गेला" म्हणतं का ते बघायला. कोणी आलं नाही.